भिंतीवरचा मार्शलर

एसटी फलाटाला लागताना बघा. चालक गाडीचं नाक सरळ फलाटाकडे करतो, चाक कठड्याला टेकेपर्यंत गाडी पुढे घेतो आणि टेकलं की इंजिन बंद करतो. अंदाज थोडा चुकला तर एक हिसका बसतो, एवढंच. विमानही टर्मिनलला असंच लागतं, नाक भिंतीकडे करून. पण त्याला टेकायला कठडा नसतो आणि हिसका परवडत नाही. अंदाज चुकला म्हणून रिव्हर्स टाकून पुन्हा सरळ करून घ्यायचीही सोय नाही. टर्मिनलसमोरून जेट विमान मागे न्यायचं तर टग आणून ढकलावं लागतं.

त्यातून चालवणाऱ्याला दिसतं किती? बोइंग ७७७-३००ईआर हे विमान ७३.८६ मीटर लांब आणि पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६४.८ मीटर रुंद. कॅप्टन बसतो अगदी पुढे आणि उंचावर. जे पुढचं चाक जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवर नेऊन थांबवायचं, ते असतं त्याच्या पाठीमागे, विमानाच्या पोटाखाली. नाकाच्या लगतची जमीन त्याला दिसत नाही. पंखांची टोकं तर मोठ्या विमानांत खिडकी उघडून डोकं बाहेर काढल्याशिवाय बहुधा दिसतच नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हेच कारण देऊन मोठ्या विमानांना पंखांच्या टोकांची टक्कर टाळणारी कॅमेऱ्यासारखी साधनं बसवावीत, अशी शिफारस केली होती. म्हणजे शेकडो टनांचं हे धूड शेवटच्या काही मीटरांत दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी चालवावं लागतं.

पूर्वी ते डोळे मार्शलरचे असत, आणि असंख्य ठिकाणी आजही असतात. दोन्ही हातांत दांडके, रात्री उजळणारे. हातवारे करत तो विमानाला पुढे बोलावतो, डावीउजवीकडे वळवतो आणि शेवटी डोक्यावर दोन्ही दांडक्यांची फुली करतो. फुली म्हणजे थांब. रिकाम्या मैदानात गाडी लावून घेणाऱ्या आपल्या माणसापेक्षा त्याचं काम वेगळं नाही, पण त्याच्या समोर इंजिनं धडधडत असतात आणि त्याचा अंदाजही शेवटी माणसाचाच असतो. पाऊस असतो, डोळ्यांवर येणारे दिवे असतात, रात्रपाळीचा थकवा असतो.

आता मुंबईच्या टर्मिनल दोनच्या किंवा दिल्लीच्या टर्मिनल तीनच्या गेटांवर भिंतीला एक काळा फलक असतो. प्रवाशाला तो सहसा दिसत नाही. टर्मिनलच्या काचेतून बघणाऱ्याकडे त्याची पाठ असते आणि विमानात बसलेल्याला समोरचं दिसत नाही. तो उजळतो फक्त कॉकपिटमधल्या दोघांसाठी. या प्रकरणात मला त्या फलकाबद्दलच सांगायचं आहे. तो विमानाला वाट दाखवतो, हे त्याचं अर्धंच काम आहे. विमानाला नाही म्हणायचं कधी, हे त्याच्या घडणीत फार विचारपूर्वक बसवलेलं आहे, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत तिथेच आहे.

या फलकाआधीही भिंतीवर दिवे होतेच. ब्रिटनमध्ये रुजलेल्या ‘ॲग्निस’ पद्धतीत दोन दिवे शेजारी शेजारी असत. विमान मधल्या रेघेवर असलं की दोन्ही हिरवे दिसत. रेघ सोडली की एक लाल होई, मग लालकडून हिरव्याकडे वळायचं. थांबायचं कुठे, ते सांगायला ‘पापा’ नावाची पेटी असे. तिला एक लांबट फट आणि फटीमागे उभी ट्यूबलाइट. विमान पुढे सरकेल तशी ती ट्यूब फटीतून सरकताना दिसे आणि आपल्या विमानाच्या नावाच्या खुणेशी आली की ब्रेक. धावत्या गाडीतून जवळची झाडं आणि दूरचा डोंगर वेगवेगळ्या वेगाने सरकताना दिसतात ना, तेच तत्त्व. युक्ती सुंदर होती, पण तिच्यात दोन उणिवा होत्या. तिची जुळणी डाव्या खुर्चीतल्या डोळ्यांसाठी केलेली असे, त्यामुळे उजवीकडून पाहणाऱ्याला ते चित्र खोटं दिसे. आणि समोर आलेलं विमान कोणतं आहे, हे त्या दिव्यांना कळत नसे. रिकामी जागा असो, उभी गाडी असो की भलतंच विमान असो, दिवे आपले जळत राहत.

नवा फलक बघतो. त्याच्या जोडीला लेसर बसवलेला असतो. स्वीडनच्या माल्मो शहरातली सेफगेट ही कंपनी १९७०च्या दशकापासून या कामात आहे. २०१६ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत सामील झाली. तिची ‘सेफडॉक’ यंत्रणा जगभरच्या विमानतळांवर आहे, म्हणून पुढचं वर्णन मुख्यतः तिच्या धर्तीवर करतो. लेसर अवरक्त प्रकाशाचा स्पंद सोडतो, तो विमानावर आपटून परत येतो आणि मधल्या वेळावरून अंतर कळतं. एक मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे पावणेसात अब्जांश सेकंद लागतात, तेवढा वेळ मोजायचा. हलत्या आरशांनी हा झोत आडवा आणि उभा फिरवला जातो, त्यामुळे यंत्रणेला एका बिंदूचं अंतर नाही, तर विमानाच्या चेहऱ्याचा घाट मिळतो. नाक किती उंचीवर आहे, ते कसं गोलावत गेलं आहे, इंजिनं नाकापासून किती मागे आणि बाजूला आहेत, हे सगळं.

हा घाट कशासाठी हवा? प्रत्येक विमानाची थांबायची जागा वेगळी असते. दाराचं नाकापासूनचं अंतर वेगळं, पंखांची रुंदी वेगळी, शेपटीची लांबी वेगळी. फलकावर एक विमान आणि समोर दुसरंच, असं झालं तर एरोब्रिज दाराशी जुळणार नाही किंवा इंजिन नको तिथे येईल. आता एअरबस ३२० आणि ३२१ ही भावंडं घ्या. समोरून दोघांची तोंडं सारखी. पण ३२१ हे जवळजवळ ७ मीटर जास्त लांब आहे. ३२० ची जागा समजून ते आत घेतलं तर पुढचं दार कदाचित नीट जुळेल, शेपटी मात्र मागच्या मार्गिकेच्या बाजूला तेवढी जास्त जाईल, आणि तिथून दुसरं विमान चाललेलं असतं. नाकावरून ही दोन ओळखता येत नाहीत. पण ३२१ च्या लांबीतला ४.२७ मीटरचा तुकडा पंखांच्या पुढे जोडलेला आहे, त्यामुळे त्याची इंजिनं नाकापासून तेवढी मागे असतात. लेसर ते अंतर मोजतो. जुळी भावंडं चालीवरून ओळखावीत, तसं आहे हे.

आता एक विमान आत घेऊ या. ते येण्याआधी जमिनीवरची माणसं जागा चालून पाहतात, पडलेला स्क्रू, पाना, पिशवीचा तुकडा उचलतात, गाड्या आणि शिड्या लाल रेघेच्या बाहेर आहेत ना ते बघतात. मग यंत्रणा सुरू होते. ती आधी स्वतःला तपासते. जागा मोकळी असली की फलकावर विमानाचं नाव उमटतं आणि वर सरकणारे बाण दिसू लागतात. हे बाण दिसल्याशिवाय पायलटने जागेत शिरायचंच नाही. शिरण्याआधी नाव आपल्याच विमानाचं आहे ना, तेही वाचायचं. लेसरला विमान सापडलं की बाण जातात आणि त्यांच्या जागी उभी पिवळी पट्टी येते. ही पट्टी आली नाही तर एरोब्रिजच्या पुढे जायचं नाही. पिवळा बाण विमान मधल्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो, लुकलुकणारा लाल बाण कुठे वळायचं ते. थोडं जवळ आल्यावर अंतराचा आकडा उतरू लागतो. मग पट्टी खालून विझू लागते, दर अर्ध्या मीटरला एक ओळ. शेवटच्या तीन मीटरांत आकडा दशांशात जातो. शून्यावर लाल अक्षरांत ‘स्टॉप’, आणि चाक बरोबर जागी असलं की ‘ओके’.

हे सगळं सुरळीत पार पडलं तर. यंत्रणेची परीक्षा होते ती सुरळीत नसतं तेव्हा. लेसरच्या आणि थांबायच्या जागेच्या मध्ये एखादी सामानाची गाडी राहिली असेल तर फलक ‘वेट’ आणि ‘गेट ब्लॉक’ म्हणतो आणि अडथळा हलेपर्यंत पुढची पायरी चढत नाही. लेसरच्या काचेवर घाण बसली असेल तर तेही तो सांगतो, मला दिसत नाही म्हणून. आत येणाऱ्या विमानाची ओळख थांबायच्या जागेच्या १२ मीटर आधी पटली नाही तर आधी ‘वेट’ येतं, यंत्रणा आणखी एकदा बघते, आणि तरीही पटली नाही तर ‘स्टॉप’, ‘आयडी फेल’. विमान यंत्रणेला झेपणार नाही इतक्या वेगात आलं तर ‘स्टॉप’, ‘टू फास्ट’. जागा ओलांडून पुढे गेलं तर ‘टू फार’. धुकं किंवा धो धो पाऊस असेल तर लांबचं विमान लेसरला पकडता येत नाही. अशा वेळी फलक सरकते बाण काढून टाकतो, फक्त विमानाचं नाव आणि ‘स्लो’ दाखवतो, आणि विमान खरोखर दिसेपर्यंत पिवळी पट्टी लावत नाही.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. यंत्रणा कुठेही अंदाज करत नाही. जे दिसलं तेवढंच दाखवते. मधेच विमान हरवलं तर शेवटच्या वेगावरून आकडा पुढे ढकलत नाही, ‘वेट’ म्हणते. दुरुस्त न होणारा बिघाड झाला तर लाल पट्टी लावून हात वर करते आणि मार्शलरला बोलवायला लावते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या विमानतळविषयक नियमांत, म्हणजे परिशिष्ट १४ मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ताबडतोब थांबायची वेळ आली, आणि त्यात यंत्रणेचा स्वतःचा बिघाडही आला, की फलकावर थांबण्याच्या सूचनेखेरीज दुसरी कोणतीही माहिती दिसता कामा नये. बाण नको, आकडा नको, विमानाचं नाव नको. नियम साधा वाटतो, पण कॉकपिटमधून विचार करा. ‘स्टॉप’च्या शेजारी ‘१.८’ असा आकडा दिसत राहिला, तर पावणेदोन मीटर अजून आहेत असं मनात येणं अगदी स्वाभाविक आहे. तो विचार यायला जागाच ठेवलेली नाही. त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. जागेच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या जमिनीवरच्या माणसाला विमानाचं आत येणं तात्काळ थांबवण्याची सोय असलीच पाहिजे. आणीबाणीचं ते बटण दाबलं की कॅप्टनसमोर ‘स्टॉप’ उमटतं. यंत्राला न दिसलेलं माणसाला दिसू शकतं, हे गृहीत धरून ते बटण तिथे ठेवलेलं आहे.

अचूकतेचे आकडेही त्याच परिशिष्टात आहेत. थांबायच्या ठिकाणी मधल्या रेघेची माहिती २५ सेंटिमीटरहून जास्त चुकू नये आणि अंतराची माहिती अर्ध्या मीटरहून जास्त. लांब असताना मुभा जास्त: ९ मीटरांवर अंतरात एक मीटर, १५ मीटरांवर १.३ मीटर. जवळ येईल तशी कसोटी कडक होते.

या आकड्यांमागे जागेचा हिशेब आहे. एअरबस ३२० च्या आकाराच्या विमानाभोवती त्याच नियमांनुसार ४.५ मीटर मोकळी जागा हवी, मोठ्या विमानांभोवती ७.५ मीटर. पण मोठ्या विमानांच्या बाबतीत, खास परिस्थितीत आणि नाक भिंतीकडे करून लावायच्या जागी, जिथे मधल्या रेघेवर ठेवणारी यंत्रणा आहे तिथे हे अंतर कमी करायची मुभा आहे. म्हणजे भिंतीवरच्या दिव्याने जमिनीवरच्या मीटरांची जागा घेतली. जागेला सोन्याचं मोल असलेल्या विमानतळाला याचा अर्थ लगेच कळतो. पण म्हणूनच माझं मत असं की, यंत्रणा बंद असताना अशा कमी अंतराच्या जागेत ‘नेहमीचंच आहे’ म्हणून विमान घेणं चूक आहे. ती मोकळी जागा दिव्याच्या भरवशावर कमी केलेली होती. दिवा नसेल तर भरवसाही नाही.

वीज गेली की फलक पूर्ण काळा होतो, आणि हा यंत्रणेचा सगळ्यात अवघड क्षण. लाल अक्षरं ओरडून सांगतात, काळा फलक काहीच सांगत नाही. तिथे नियम पायलटच्या डोक्यातच असावा लागतो: फलक विझला की थांबायचं आणि मार्शलरची वाट बघायची.

दुसरी मर्यादा पंखांची. लेसरचं लक्ष नाकावर आणि इंजिनांवर असतं. पंखाच्या टोकाखाली कुणी शिडी लाल रेघेच्या आत ठेवली असेल, तर ती त्याच्या नजरेत येईलच असं नाही. म्हणून जागा चालून बघणारा माणूस आणि पंखाकडे लक्ष ठेवणारा माणूस अजूनही हवाच. तिसरी मर्यादा माहितीची. विमानाचं नाव बहुतेक ठिकाणी विमानतळाच्या संगणकावरून आपोआप येतं. ऐन वेळी कंपनीने विमान बदललं आणि संगणकात ते बदललं नाही, तर फलक चुकीच्याच विमानाची वाट बघत राहतो. लेसरने ओळख पटवणं आणि पायलटने नाव वाचणं, अशी दोन कुलुपं एकाच दाराला लावलेली आहेत ती यासाठी. एक उघडं राहिलं तरी दुसरं लागलेलं असावं.

विमान थांबलं म्हणजे धोका संपला असं नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअरबस ३१९ च्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला आणि जागीच गेला. तो अपघात विमान निघतानाचा होता, गेटला लागतानाचा नव्हता. पण चालू इंजिन आणि माणूस यांच्यात किती अंतर हवं, हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगायला नको. भिंतीवरच्या फलकाचा एक फायदा असा की विमानाला वाट दाखवायला कुणालाही चालू इंजिनांसमोर उभं राहावं लागत नाही. विमान थांबतं, इंजिनं मंदावतात, पोटाखालचा आणि पाठीवरचा लाल लुकलुकणारा दिवा विझतो, आणि मगच माणसं जवळ जातात. चाकांना ठोकळे लावले जातात, त्यांना विमानतळावर चोक म्हणतात. लावणारा बटण दाबतो, फलकावर ‘चोक ऑन’ उमटतं आणि पायलटला कळतं की आता ब्रेक सोडले तरी चालतील.

मग एरोब्रिज हलतो. त्याच्या आधी तो हलता कामा नये, याचीही सोय आहे. अनेक ठिकाणी पूल आणि फलक तारांनी एकमेकांना बांधलेले असतात. पूल आपल्या मूळ जागी नसेल तर विमान आत घेण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. पूल दाराला लागल्यावर एक गोष्ट जवळून बघण्यासारखी असते. प्रवासी उतरतात, सामान निघतं तसं विमान हलकं होऊन वर उचललं जातं. इंधन आणि माल भरला की खाली बसतं. ही हालचाल डोळ्याला जाणवत नाही, पण विमानाच्या अंगाला टेकलेलं एक छोटं चाक ती टिपतं आणि पूल तेवढाच वरखाली होतो. ते चुकलं तर? उघड्या दाराच्या खालच्या कडेखाली, पुलाच्या जमिनीवर, एक लहानसं साधन ठेवलेलं असतं. त्याला सेफ्टी शू म्हणतात. विमान खाली बसत येऊन दार त्याच्यावर टेकलं की पूल आपोआप खाली जातो. नाहीतर उघडं दार पुलाच्या जमिनीवर टेकून बिजागऱ्यांतून मोडलं असतं. पुढच्या वेळी विमानातून पुलावर पाऊल टाकताना उजवीकडे दाराच्या खाली बघा. हे साधन बहुधा तिथेच असतं.

विमान उतरलं, गेटसमोर आलं, आणि दहा पावलांवर थांबून हलेचना, हा अनुभव बहुतेकांना आला असेल. विमानात कुरकुर सुरू होते. अशा वेळी पुष्कळदा समोरचा काळा फलक ‘वेट’ म्हणत असतो, किंवा उजळलेलाच नसतो आणि पायलट मार्शलरची वाट बघत असतो. लाल ‘स्टॉप’ उमटलं तर मात्र कॅप्टन तुम्हाला सांगत बसणार नाही, ब्रेक दाबेल. विमान चालण्याच्या गतीने सरकत असलं तरी मार्गिकेत उभा राहून वरची बॅग काढणारा माणूस त्या ब्रेकने समोरच्या खुर्चीवर आदळतो आणि बॅग दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. तेव्हा पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसून राहा, आणि शेजारी उठायला लागला तर त्यालाही बसवा.